तुळजापूर-अक्कलकोटच्या फेऱ्या आणि पलंगाखालची बॅटरी : सोलापुरातलं एक प्रकरण

सकाळी माझ्या बॅटरीच्या दुकानाचं शटर वर करतोय तोवर सरांची गाडी दारात येऊन उभी. फोर्स ट्रॅव्हलर, २०१९ मध्ये आतून घर करून घेतलेली. मागे आडवा पलंग, एका अंगाला ओटा, ४५ लिटरचा १२ व्होल्टवर चालणारा फ्रिज, दोन पंखे, छतावर १६५ वॅटच्या दोन सोलर प्लेटा. सर आणि बाई दोघंही निवृत्त शिक्षक. निवृत्तीच्या पैशातून ही एकच हौस केलेली, त्यामुळे गाडीला ओरखडा पडला तरी दोघांच्या जिवाला लागतो.

“मालक, मागची बॅटरी बसली. १५० ची टाका नवी. मोठीच टाका, पुन्हा कटकट नको,” सर म्हणाले.

मे २०२४ चा दुसरा आठवडा. आमच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्या दिवसांत सकाळी दहालाच पत्रे तापतात. मी दोघांना आत पंख्याखाली बसवलं आणि म्हटलं, आधी झालं काय ते सांगा.

दोन दिवसांपूर्वी अक्कलकोट करून ते गाणगापूरला गेले. पोचायला रात्रीचे साडेनऊ झाले. पॅनेलवरचा मीटर १२.८ व्होल्ट दाखवत होता, म्हणजे बॅटरी भरलेली. जेवणं झाली, झोपले. रात्री एकच्या सुमारास इन्व्हर्टर ओरडला आणि बंद पडला. त्या इन्व्हर्टरवर बाईंचं सीपॅप मशीन होतं. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असल्यामुळे २०२२ पासून त्या रोज रात्री मास्क लावून झोपतात. हवा थांबली तशा त्या गुदमरून उठल्या. उरलेली रात्र दोघांनी बसून काढली. सकाळी आरती न करताच गाडी सोलापूरकडे वळवली.

हे ऐकल्यावर मी फळीवरची बॅटरी काढायला उठलो नाही. बॅटरी विकणं दहा मिनिटांचं काम आहे. पण १४ महिन्यांत एक बॅटरी का मेली हे कळल्याशिवाय दुसरी बसवली असती, तर तिचीही तीच गत झाली असती आणि पुढच्या वेळी बाई कुठे असतील ते सांगता आलं नसतं.

आधीच्या दोन

अशा गाडीत दोन बॅटऱ्या असतात. पुढची सेल्फ मारायची. मागची घरची, जिला बाजारात लीजर बॅटरी म्हणतात. दोन्हींची कामं अगदी वेगळी. सेल्फला दोन-चार सेकंद शेकडो अँपियर लागतात आणि मग डायनामो लगेच भरपाई करतो. त्यासाठी आत पातळ प्लेटा जास्त संख्येनं बसवलेल्या असतात. घरच्या बॅटरीला रात्रभर थोडं थोडं देत खोलवर उतरायचं असतं, तिला जाड प्लेटा लागतात. पातळ प्लेटांची बॅटरी रोज रात्री तळापर्यंत उतरवली की प्लेटांवरचा लेप सुटून खाली बसतो आणि काही महिन्यांत ती पोकळ होते.

सरांच्या गाडीत पहिली बॅटरी १०० एएचची (अँपियर-अवर, बॅटरीत किती मावतं त्याचं माप) एसएमएफ, म्हणजे पाणी न घालावं लागणारी बंद बॅटरी होती. २०२० च्या मार्चपासून लॉकडाऊनमध्ये गाडी उभी, प्लेटांवर कव्हर टाकलेलं, बॅटरी कित्येक महिने अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून. तरी ती २०२३ च्या सुरुवातीपर्यंत चालली. ती गेल्यावर प्रवासात घाईघाईनं हायवेवरच्या एका दुकानात ट्रकची १०० एएचची बॅटरी टाकून घेतली. सरांची त्यात चूक नाही. त्यांनी १०० च्या जागी १०० मागितली, दुकानदारानं १०० दिली. स्टिकरवर आकडा तोच होता. आतल्या प्लेटा स्टिकरवर लिहिलेल्या नसतात.

पलंगाची फळी उचलली तेव्हा मला खरं वाईट वाटलं. बॅटरीच्या खोक्याला लागून बाईंनी पांघरायच्या चादरी रचून ठेवल्या होत्या. सगळ्यात खालची चादर हातात घेतली तर तिच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढी भोकं, जाळी झाल्यासारखी. सोलापूरची चांगली जाड सुती चादर. बाई म्हणाल्या, उंदीर असेल असं वाटून त्यांनी पिंजराही लावला होता. ते उंदराचं काम नव्हतं. बॅटरी उकळून वर आलेल्या ॲसिडच्या वाफेनं सूत खाल्लं होतं. फळीच्या खालच्या अंगाचं प्लायवूड काळं पडलेलं, स्क्रू गंजलेले. झाकणं उघडली तर सहापैकी चार सेलमध्ये पाणी प्लेटांच्या खाली गेलेलं. आणि ह्याच फळीवर दोघं झोपत होते. चार्ज होताना ओल्या बॅटरीतून हायड्रोजन सुटतो आणि हवेत ४ टक्के झाला तरी ठिणगीनं भडकू शकतो. खोक्याला बाहेर हवा जाणारी नळी नव्हती.

बल्ब लावून बसलो

व्होल्टमीटर फसवतो, आणि गाणगापूरला नेमकं तेच झालं. गाडी बंद केल्या केल्या जो आकडा दिसतो तो वरवरचा असतो. बॅटरीला तीन-चार तास काही न लावता तसंच ठेवलं तर खरा दिसतो: लेडची, म्हणजे शिशाची भरलेली बॅटरी साधारण १२.७, अर्धी उतरलेली १२.१ च्या आसपास. पण तेवढ्यानंही पोटात किती मावतं ते कळत नाही. दुकानांतल्या टेस्टरवर सेल्फची ताकद कळते, रात्रभराची नाही.

माझी पद्धत जुनी आहे. बॅटरी पूर्ण चार्ज करायची, एक रात्र ठेवायची, मग तिला गाडीच्या हेडलाइटचा ६० वॅटचा बल्ब लावायचा. तो साधारण ५ अँपियर ओढतो. १०० एएच हा आकडा कंपनी २० तासांच्या हिशेबानं देते, म्हणजे ५ अँपियरनं २० तास. मीटर १०.५ व्होल्टवर आला की बल्ब काढायचा आणि घड्याळ बघायचं. सकाळी आठला लावला. दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी मीटर १०.५ वर आला. सहा तास वीस मिनिटं. १०० च्या बॅटरीत ३१-३२ उरले होते.

बॅटरी मेली हे नक्की झालं. का मेली ते पुढे शोधायचं होतं, आणि माझ्या मते हाच ह्या प्रकरणाचा गाभा आहे.

मी माझ्याकडची एक उतरवलेली चांगली बॅटरी जागेवर लावली, इंजिन चालू केलं आणि पुढच्या-मागच्या दोन्ही टोकांना मीटर धरला. पुढे १४.१ व्होल्ट, मागे १३.०. वायर २० अँपियर नेत होती आणि वाटेत १ व्होल्टहून जास्त खात होती. घरातल्या गिझरला वापरतात ती ४ स्क्वेअर एमएमची वायर, जाऊन-येऊन १२ मीटर. लेडची बॅटरी पूर्ण भरायला १४.४ च्या आसपास लागतात. बॅटरी भरत जाते तसा करंट कमी होतो आणि वायरीतली तूटही कमी होते हे खरं, पण त्याला पाच-सहा तासांचा रस्ता पाहिजे. सरांचे रस्ते तसे नाहीत. तुळजापूर ४५ किलोमीटर, अक्कलकोट ४० च्या आत-बाहेर, नळदुर्ग तेवढंच, पंढरपूर सत्तरेक. देवळं, किल्ला, नान्नजचा माळ, सगळं तासा-दीड तासावर. ही बॅटरी १४ महिन्यांत रस्त्यावर एकदाही पूर्ण भरली नसावी.

आणि गाडी घरी उभी असताना अगदी उलटं. सोलरचा कंट्रोलर स्वस्तातला, त्याला ऊन कळत नव्हतं. बॅटरी जितकी गरम तितका चार्जिंगचा व्होल्टेज खाली आणावा लागतो. १२ व्होल्टच्या लेड बॅटरीला दर अंशाला साधारण २० मिलीव्होल्ट. २५ अंशाला जिथे १४.४ लागतात तिथे ४५ अंशाला १४ च पुरतात. मी खोक्यात थर्मामीटरचा प्रोब सोडून गाडी दिवसभर उन्हात ठेवली. दुपारी चारला ५१ अंश. खालून सायलेन्सर जातो तीच बाजू, वरून बंद फळी. लेड बॅटरीचं आयुष्य २५ अंशाला धरलेलं असतं आणि त्यावर दर आठ-दहा अंशाला ते जवळजवळ निम्मं होतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४३-४४ पर्यंत जातो. त्यात ही पेटी.

म्हणजे प्रवासात उपाशी, घरी उकळत, आणि रात्री तळापर्यंत. ह्यात कोणतीही बॅटरी टिकली नसती. १५० ची टाकली असती तरी.

रात्रीचा हिशेब

मी सर आणि बाईंना एक विनंती केली. जुळे सोलापुरात त्यांच्या दारातच गाडी लावून एक रात्र नेहमीसारखं आत झोपायचं. मी माझी बॅटरी आणि करंट मोजणारा मीटर जोडून दिला. सरांनी शाळेच्या वहीसारखे रकाने आखून संध्याकाळी सात ते सकाळी सात दर तासाला नोंद केली. इतकी स्वच्छ नोंद माझ्या कामात मला कधी मिळाली नव्हती.

फ्रिज : रात्रभरात २२ एएच. कॉम्प्रेसर चालू असताना ४.२ अँपियर, साधारण निम्मा वेळ चालू. दोन पंखे : २७. दिवे : ६. पंप, मोबाइल, सटरफटर : ६. आणि सीपॅप : ३२.

शेवटच्या आकड्यावर मी थांबलो. मशीन २३० व्होल्टच्या इन्व्हर्टरवर होतं. १२ चे २३० करायचे, मग मशीनच्या ॲडॅप्टरनं त्याचे पुन्हा २४ करायचे. दोन्हीकडे नुकसान, शिवाय इन्व्हर्टर स्वतः रात्रभर पाऊण-एक अँपियर खातो. त्यात मशीनला हवा ओली करणारा हीटर, तो चालू. सरांनी डॉक्टरांना विचारलं. उन्हाळ्यात प्रवासापुरता हीटर बंद ठेवायला हरकत नाही, घसा कोरडा पडला तर मात्र कळवा, असं ते म्हणाले. मशीनच्याच कंपनीचा १२ वरून २४ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर मागवला. दुसऱ्या रात्री तेच मशीन तेवढेच सात तास चाललं आणि १०.५ एएच खाल्ले.

एकूण रात्र ९३ वरून ७२ वर आली. बॅटरी न घेताच २१ एएच हाती लागले. बॅटरी बदलायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच आधी करायला लावतो, कारण कमी झालेला खर्च पुढची सगळी वर्षं कमी राहतो.

दिवसाचाही हिशेब मांडला. ३३० वॅटच्या प्लेटा, छतावर आडव्या, तापलेल्या. निरभ्र दिवशी ९० एएचच्या आसपास देतात. त्यातले दिवसा फ्रिज आणि पंखा मिळून ४५ खातात. बॅटरीला उरतात ४५. रात्र ७२ ची. म्हणजे रोज २७ ची तूट, आणि ती बॅटरी कितीही मोठी घेतली तरी तशीच राहणार. सोलापूरकराला हे लगेच कळतं. पाणी रोज येत नाही म्हणून आपण हौद मोठा बांधतो, पण हौद मोठा बांधला म्हणून नळाला पाणी जास्त येत नाही. सर ह्यावर बराच वेळ वहीत बघत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे १५० ची मागत होतो ते चुकीचं होतं.” चुकीचं नव्हतं, अपुरं होतं.

समोर काय काय होतं

पहिली, इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर १५०. मला ही बॅटरी मनापासून आवडते. घरच्या इन्व्हर्टरला मी तीच देतो; पाणी बघत राहिलं तर वर्षानुवर्षं साथ देते आणि कोणत्याही गावात तिचा जाणकार भेटतो. पण ती एका जागी उभी राहण्यासाठी बनलेली आहे. पाण्यासकट ५० किलोच्या वर वजन, पलंगाखालच्या जागेत उंची मावत नाही, गचक्यांत ॲसिड उसळणार, आणि तो हायड्रोजन पुन्हा उशाखाली. चादरीची भोकं बघितल्यावर हा विषय मी दोन मिनिटांत संपवला.

दुसरी, एजीएम, म्हणजे आतलं ॲसिड काचेच्या तंतूंच्या थरात शोषलेली लेडचीच बॅटरी. बंद, न सांडणारी, चांगल्यापैकी खोल उतरणारी. ह्यावर मी दोन दिवस विचार केला, कारण पैशाला ती खूप स्वस्त पडत होती. लेडची बॅटरी टिकवायची तर अर्ध्याखाली उतरवायची नाही, म्हणून ७२ साठी १५० एएच, वजन ४० किलोच्या पुढे. तेवढी जागा आणि वजन गाडीला झेपलं असतं. अडलं ते दुसरीकडे. लेडची कोणतीही बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत भराभर भरते आणि उरलेल्या २० टक्क्यांना चार-पाच तास घेते, कारण ती तेव्हा करंट फार थोडा घेते. मागे मोठा डायनामो लावला तरी तिला घाई करता येत नाही. आणि ते शेवटचे २० टक्के पुन्हा पुन्हा राहून गेले तर प्लेटांवरचं सल्फेट कडक होत जातं आणि बॅटरी आतून आकसते. सरांचा प्रवास तासाभराचा. रोज २७ ची तूट. एजीएम ह्या गाडीत कायम अर्धपोटी राहिली असती. रोज पाचशे किलोमीटर जाणारं कुटुंब असतं, किंवा दर मुक्कामाला रात्रभर प्लग मिळणारं असतं, तर मी एजीएमच दिली असती आणि त्यांचे पैसे वाचवले असते.

जेलची चौकशी केली, पण ती चार्जिंगला आणखी हळू, म्हणून सोडली.

तिसरी लिथियम, तीही लोह-फॉस्फेटची. १०० एएच, वजन १२-१३ किलो. तिच्यातून ८० टक्के निर्धास्त काढता येतात. ७२ तेवढ्यात बसतात. तिला अर्धवट राहण्याचा त्रास नाही, उलट निम्म्यावर ठेवलेलीच तिला बरी. आणि दिलेला करंट ती जवळजवळ भरेपर्यंत पूर्ण घेत राहते: ३० अँपियरनं तासभर, तुळजापूर ते सोलापूर, म्हणजे ३० एएच. तूट २७. आमचं उत्तर ह्या दोन आकड्यांत होतं.

बाईंना भीती वाटत होती. २०२२ च्या उन्हाळ्यात ई-स्कूटर पेटल्याच्या बातम्या त्यांनी वाचल्या होत्या आणि ही वस्तू आपल्या पलंगाखाली येणार म्हटल्यावर त्या गप्प झाल्या होत्या. मी त्यांना खोटा धीर दिला नाही. लिथियम हे एका घराण्याचं नाव आहे, आतली रसायनं वेगवेगळी. लोह-फॉस्फेट त्यात बरंच शांत: बिघडायला जास्त तापमान लागतं आणि बिघडलं तरी निकेल-कोबाल्टवाल्यांइतकं भडकत नाही. तरीही तिच्यात ऊर्जा आहेच, म्हणून सेल कुठले आहेत, आतला बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट, किती अँपियरचा आहे, ५५-६० अंशाला तो चार्जिंग थांबवतो का, हे लिहून मागायचं. बाजारात ई-रिक्षांतून काढलेले वापरलेले सेल नव्या डब्यात भरूनही मिळतात. मी बाईंना म्हटलं, बॅटरी आली की तुमच्यासमोर बल्ब लावून तपासू, कमी भरली तर परत. त्यावर त्या हो म्हणाल्या.

ऊन ही लिथियमचीही अडचण आहे, हे सांगायलाच हवं. बहुतेक कंपन्या चार्जिंगसाठी ४५ अंशांपर्यंतच चांगलं म्हणतात. ५१ च्या पेटीत ठेवली असती तर तिचंही आयुष्य गेलं असतं. म्हणून बॅटरी ठरवण्याआधी जागा ठरवली: सायलेन्सरच्या उलट बाजूला, पायरीजवळच्या बाकाखाली, खालून जाळी आणि वरून हवा निघायला फट. तिथे प्रोब ठेवला तर त्याच दुपारी चारला ४२.

जोडणी

लिथियम थेट डायनामोला जोडायची नाही. ती इतका करंट मागते की डायनामो पूर्ण ताकदीवर चालत राहतो, आणि गाडी ट्रॅफिकमध्ये संथ असताना त्याचा पंखाही संथ असतो, गुंडाळी जळते. मध्ये ३० अँपियरचा डीसी-डीसी चार्जर बसवला, जो पुढून काय येईल ते घेऊन मागे बरोबर १४.२-१४.४ देतो. वायर १६ स्क्वेअर एमएमची टाकली. दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वीतभराच्या आत, ५० अँपियरचा फ्यूज. एका टोकाला लावून भागत नाही, कारण ह्या वायरीला दोन्हीकडून करंट येतो. मधे कुठे घासून बॉडीला लागली तर ज्या बाजूला फ्यूज नाही ती बाजू वायर पेटवते.

जुनी वायर काढताना दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या रिलेजवळ तिचं प्लास्टिक तपकिरी होऊन बोटानं चुरा होत होतं. वायरीच्या टोकाचा लग पकडीनं नुसता चेपलेला होता. मी तो तुकडा कापून सरांना दाखवला. त्यांनी तो कागदात गुंडाळून वहीबरोबर ठेवला.

सोलरचा कंट्रोलर बदलून लिथियमची सेटिंग असलेला एमपीपीटी, म्हणजे प्लेटांतून जास्तीत जास्त वीज काढणारा कंट्रोलर घेतला. व्होल्टमीटरच्या जागी शंटचा मीटर आला, जो आत-बाहेर गेलेले एएच मोजून टक्के दाखवतो. लिथियमचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत १३.२ च्या आसपासच राहतो, त्यावरून काहीच कळत नाही.

बिल : बॅटरी ३२,०००, डीसी-डीसी चार्जर १९,०००, एमपीपीटी ८,५००, शंट मीटर ३,५००, वायर-फ्यूज-लग ४,५००, कन्व्हर्टर वेगळा. मजुरी धरून सत्तर हजारांच्या वर. सर १५० ची जी बॅटरी मागायला आले होते तिच्या चौपट. मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं आणि हेही सांगितलं की पैसे एकदम नसतील तर वायर, फ्यूज आणि जागा आधी करा, बॅटरी तोवर माझी वापरा. त्यांनी एका रात्रीचा विचार केला आणि सगळं एकदम करा म्हणाले. जुन्या बॅटरीचे वजनावर पैसे मिळाले, ते बिलातून वजा केले.

नवी बॅटरी आल्यावर बाईंसमोर बल्ब लावला. १९ तास ४० मिनिटं. लिथियमचा व्होल्टेज जरा जास्त असल्यानं बल्ब ५ पेक्षा थोडं जास्त ओढतो, म्हणजे आकडा बरोबर होता.

पुढचं वर्ष

पहिली फेरी पुन्हा गाणगापूरचीच, बाईंच्या हट्टानं. सकाळी पावणेसातला सरांचा फोन आला, मीटरवर ३१ टक्के. मशीन रात्रभर चालू होतं.

सगळं सरळ गेलं असं नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये नळदुर्गला गाडी भर उन्हात उभी राहिली आणि दुपारी तीनला चार्जिंग बंद पडलं. सर घाबरले. बीएमएसनं आपलं काम केलं होतं, बॅटरी तापली म्हणून चार्जिंग थांबवलं होतं. संध्याकाळी सहाला ते आपोआप सुरू झालं. तरी मी त्यात सुधारणा केली. पेटीत ४० अंशाला चालू होणारा छोटा १२ व्होल्टचा पंखा बसवला, चार्जिंगची वरची मर्यादा १४.२ केली, आणि गाडी दोन-तीन आठवडे घरी राहणार असेल तर बॅटरी ५०-६० टक्क्यांवर सोडून सोलरचा स्विच बंद करायचा, असं ठरवलं. लिथियमला उन्हाळ्यात भरल्या पोटी ठेवणं हेच सगळ्यात वाईट. सरांची जुनी सवय होती गाडी पूर्ण चार्ज करून ठेवायची. ती मोडायला त्यांना दोन महिने लागले.

एका ठिकाणी सलग दोन रात्री राहिलं की दुसऱ्या रात्री अजूनही ताण येतो. पहिल्या रात्रीनंतर २८ उरतात, दिवसात ७३ होतात, दुसरी रात्र ७२ ची. बाई मशीनवर असताना इतकं काठावर चालणार नाही. म्हणून दुसऱ्या संध्याकाळी एक तास इंजिन किंवा प्लग, हा नियम त्यांनी पाळला आहे. मीटर ४० च्या खाली गेला की सर आधी एक पंखा बंद करतात. तिसरी प्लेट बसवायला छतावर जागा आहे, ते काम दिवाळीनंतर करू असं बोलणं झालंय.

मे २०२५ मध्ये वर्ष झालं म्हणून बॅटरी काढून पुन्हा बल्ब लावला. बाई डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आल्या होत्या, वही सरांकडे. रात्रभर बल्ब चालू होता, दुकानात मीच झोपलो. सकाळी मीटर खाली यायला लागला तेव्हा घड्याळात १९ तास १० मिनिटं झाली होती. सरांनी तो आकडा गेल्या वर्षीच्या आकड्याखाली लिहिला आणि पुढच्या मे महिन्यासाठी खाली एक ओळ मोकळी सोडली.